‘कोणाकडून आला?’

एचआयव्हीचे नाव निघताच आपल्या कुटुंबांत पहिला प्रश्न विचारला जातो तो हा. औषध सुरू झाले का, अन्न जाते का, हे प्रश्न मागाहून येतात. कित्येकदा येतच नाहीत. त्या पहिल्या प्रश्नालाच आमचा विरोध आहे.

गरोदरपणाच्या तपासणीत रक्त पत्नीचे घेतले जाते, म्हणून पुष्कळदा निदानही प्रथम तिचेच होते. नवऱ्याची तपासणी होण्यापूर्वीच घरात निवाडा होतो आणि सून माहेरी पोचते. आधी कळले ते तिचे. आधी लागण तिलाच झाली, हे त्यावरून कसे ठरते? सासरच्या मंडळींना हे सुचत नाही, की सुचूनही सोयीचे नसते?

दयाळू माणसेही चुकतात. दोघांतील ‘निष्पाप’ कोण ते शोधून सारी कणव त्याला आणि उपदेश दुसऱ्याला! संसार दोघांचा आणि आधार एकालाच, हा कोणता न्याय?

नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली जाहीर झाले. त्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही जोडपी होती. बाधित व्यक्तीने उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला तिच्याकडून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले. रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी राहिले तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत मिळते. मात्र ते रोज, आयुष्यभर घ्यावे लागते. गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवून न्हाणीघरात गिळणाऱ्याचा नेम किती दिवस टिकणार? जोडीदाराने पाण्याचा पेला पुढे केला तर तो टिकतो.

म्हणून समुपदेशकापुढे दोघांनी मिळून बसावे, असा आमचा आग्रह आहे. पण राजीखुशीने. पत्नीला मारहाणीची वा हाकलले जाण्याची भीती असेल, तर पतीला परस्पर कळवू नये, असे २०१७ चा कायदाही सांगतो.

आणि धर्मग्रामाने काय करावे? विवाहपूर्व शिबिरांत जुनी जोडपी लग्न ठरलेल्यांना संसाराच्या चार गोष्टी सांगतात. त्यांच्यापैकीच एकदोघांनी अशा घरी महिन्यातून एकदा जाऊन चहा घ्यावा, केंद्रावर जाताना सोबत करावी, मुलांना तासभर सांभाळावे. यास पैसा लागत नाही. ऐकलेले पोटात ठेवणारी जोडपी मात्र लागतात, आणि ती मिळणे कठीण आहे, हे आम्ही कबूल करतो.