लोकेशन सापडलं म्हणे!

शनिवार सकाळ. पोहे, चहा, पेपर. आणि आतल्या पानावर ते नेहमीचं वाक्य: ‘संशयिताचे मोबाईल लोकेशन घटनास्थळी आढळून आले.’ बाबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि निकालही देऊन टाकला, “झालं! आता कुठं जातोय हा.”

मी म्हटलं, “बाबा, लोकेशन सापडलं म्हणजे नक्की काय सापडलं?”

“म्हणजे काय म्हणजे? तू कम्प्युटरवाला ना? टॉवरवरून कळतं सगळं!”

तर मंडळी, हे ‘टॉवरवरून कळतं सगळं’ ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आज एकदाचं भांडूनच घेतो. पण भांडण बाबांशी नाही. त्यांनी कुठून शिकावं? भांडण आपल्या जमातीशी आहे, म्हणजे माझ्याशीसुद्धा. ते का, ते पुढे येईलच.

आधी टॉवरवरून काय कळतं ते बघू. पोलीस मागवतात त्या कॉल रेकॉर्डमध्ये साधारणपणे कॉल सुरू होताना आणि संपताना फोन कुठल्या सेलला जोडलेला होता त्याचा क्रमांक असतो. बस्स. तुम्ही कुठे होतात ते त्यात नसतंच, तुमचा फोन कोणाशी बोलत होता तेवढं असतं. आणि फोन सगळ्यात जवळच्या टॉवरशीच बोलतो असंही नाही. मध्ये इमारत आली, टेकडी आली, जवळच्या टॉवरवर गर्दी झाली की स्वारी लांबच्या टॉवरकडे वळते.

“पण सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढता येतं की!” असं कोणीतरी हुशार वाचक म्हणणारच. येतं ना. रेडिओ लहर १ मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जाते. लांबच्या फोनचा सिग्नल टॉवरला उशिरा पोचतो, म्हणून टॉवर त्या फोनला सांगतो, ‘बाबा रे, तू जरा आधी बोलायला लाग.’ किती आधी, त्या आकड्याला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. जीएसएममध्ये हा आकडा ० ते ६३ असतो आणि एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. (६३ गुणिले ५५० करा, जीएसएम टॉवरची ती सुप्रसिद्ध ३५ किलोमीटरची मर्यादा तिथून येते.) फोर-जीमध्ये पायरी ७८ मीटरवर आली. छान सुधारणा आहे. पण आकडा कितीही बारीक केला तरी एका टॉवरवरून मिळते ती बांगडी, ठिपका नाही. जीएसएमच्या हिशेबात फोन टॉवरपासून पावणेदोन ते सव्वादोन किलोमीटरवर असला, आणि टॉवरचा अँटेना १२० अंशांत बघत असला, तर त्या बांगडीच्या तुकड्याचं क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. पुण्याच्या पेठांमध्ये एवढ्या जागेत किती वाडे आणि किती सोसायट्या बसतात ते तुम्हीच मोजा. त्यातला नेमका एक माणूस ‘घटनास्थळी आढळला’!

मग तीन-चार टॉवर घ्यायचे, त्यांच्यापर्यंत सिग्नल पोचण्याच्या वेळेतला फरक काढायचा, त्यातून येणारे वक्र जिथे छेदतील तिथे फोन. युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं याच तत्त्वावर वाट काढायची आणि त्या यंत्रणेचं नावसुद्धा ‘जी’ होतं. (आपल्या फाइव्ह-जीचे पणजोबा म्हणा हवं तर.) पण यासाठी टॉवरांची घड्याळं आपसात जुळलेली लागतात. १ मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला की ३०० मीटरची वाट लागली.

समजा घड्याळंही जुळली. खरी गोम पुढेच आहे, आणि हा भाग इंजिनिअर म्हणवणाऱ्यांनी तरी नीट वाचावा ही विनंती.

शहरात सिग्नल सरळ येत नाही. तो काचेच्या इमारतीवर आपटतो, फ्लायओव्हरखालून वळतो, मग टॉवरला पोचतो. म्हणजे काय होतं? एक माणूस स्वारगेटहून शिवाजीनगरला किती वेळात पोचला यावरून मला अंतर काढायला सांगा. रस्ता रिकामा असता तर जेवढा वेळ लागला असता त्याहून तो लवकर पोचूच शकत नाही. उशीर मात्र वाट्टेल तेवढा होऊ शकतो. सिग्नलचंही तेच. परावर्तनामुळे होणारी चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली नसते, ती एकाच बाजूला झुकते. अंतर खऱ्यापेक्षा जास्तच येतं.

आणि आपली सवय काय? डेटा गढूळ आहे? शंभर रीडिंग घ्या, सरासरी काढा, झालं! पण शंभरच्या शंभर रीडिंग त्याच काचेच्या इमारतीवरून आपटून आली असतील तर? सरासरी सुंदर स्थिर येते, दशांशचिन्हापुढे सहा आकडे मिळतात, आणि उत्तर ठामपणे चुकतं. गढूळ डेटाची निदान शंका तरी येते. असा स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा कोणी परत तपासत नाही.

सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळे ओळखायचे तर रुंद बँडविड्थ लागते. ढोबळ हिशेब सोपा आहे: प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थ. जीएसएमच्या २०० किलोहर्ट्झला येतात दीड किलोमीटर, फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झला १५ मीटर, आणि २०१९ पासून महागड्या फोनात आलेल्या अल्ट्रा वाइडबँडच्या ५०० मेगाहर्ट्झला ६० सेंटिमीटर. हरवलेल्या किल्ल्या सोफ्याखाली सापडतात त्या या शेवटच्यामुळे. लोकांनी तो अनुभव घेतला आणि तोच विश्वास पोलिसांच्या टॉवर रेकॉर्डवर ठेवला. गल्लत झाली ती इथे.

“सैद्धांतिक गप्पा आहेत रे,” असं माझा एक मित्र म्हणाला. बरं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कनं मोबाईल लोकेशनचा पुरावा कोर्टात वापरणं दोन महिने थांबवलं. कारण काय? कंपन्यांकडून आलेला कच्चा डेटा पोलिसांसाठी बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घोळ होता. काही डेटा गळत होता, काही फोन भलत्याच टॉवरला जोडलेले दिसत होते. २०१२ पासूनची दहा हजारांहून जास्त प्रकरणं पुन्हा तपासायला काढली, तीसहून जास्त लोकांना कोठडीतून सोडावं लागलं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एका बाईनं २००४ साली मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, कारण टॉवरच्या नोंदीवरून ती त्याच बागेत होती हे सिद्ध होणार असं तिला वकिलानं सांगितलं होतं. ती शिक्षा रद्द झाली २०१४ मध्ये. दहा वर्षांनी! वकिलाला बांगडी आणि ठिपका यातला फरक माहीत नव्हता, एवढंच.

आपल्याकडे? इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली ठणकावून सांगितलं (खटला आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता). १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तर हॅशसुद्धा द्यावा लागतो. उत्तम. पण हॅश काय सांगतो? फाइलमध्ये कोणी फेरफार केला नाही, एवढंच. फाइलमधलं अंतर किती चुकू शकतं हे प्रमाणपत्रात कुठेच विचारलेलं नाही. अमेरिकेत आपत्कालीन कॉलसाठी १९९९ मध्ये जो नियम झाला त्यात हँडसेटसाठी ‘६७ टक्के कॉलना ५० मीटर, ९५ टक्क्यांना १५० मीटर’ असं लिहिलं होतं. मीटर आणि टक्के, दोन्ही. आपल्या पेपरातल्या वाक्यात यातलं एकही नसतं.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली की, टॉवरचा अंदाज पुरत नाही म्हणून प्रत्येक स्मार्टफोनमध्ये उपग्रहावरचं लोकेशन कायम चालू ठेवावं असा प्रस्ताव मोबाईल ऑपरेटरांच्या संघटनेनं सरकारपुढे ठेवलाय. वा! फूटपट्टी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात मोठी फूटपट्टी बांधा. शिवाय जीपीएससुद्धा वेळच मोजतं हो. त्याचे सिग्नलही उंच इमारतींवर आपटतात.

आता माझ्यापुरतं. अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनसोबत एक त्रिज्या देतं. तिचा अर्थ डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलाय: खरी जागा या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास एका वेळी माणूस वर्तुळाच्या बाहेर. चार वर्षांपूर्वी आमच्या एका ॲपमध्ये नकाशावर ते निळं वर्तुळ होतं. डिझायनर म्हणाली, युजर गोंधळतात, काढून टाका. काढलं. मग कोणीतरी म्हणालं, दाखवत नाही तर साठवायचं कशाला, जागा खातं. टेबलातून तो कॉलमही गेला. तो कोड मी तपासला होता, आणि ‘छान दिसतंय’ असं लिहून पास केला होता.

गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरचे पैसे कापले गेले. पत्त्यावर गेलाच नाही म्हणून, आमच्याच डेटावरून. ठिपका १४० मीटर लांब होता. त्याच्याभोवतीचं वर्तुळ केवढं होतं हे आता कोणालाच सांगता येत नाही, कारण ते मीच पुसलंय. तो बिचारा सपोर्टच्या मुलीला सांगत होता, “ताई, मी गेटवरच उभा होतो.” तिच्यासमोर मात्र नकाशा होता.

पैसे परत मिळावेत म्हणून मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. कॉलम परत घालायचा कोड काल रात्री लिहून झाला, सोमवारी रिव्ह्यूला जाईल. डिझायनर भांडणार हे नक्की. बाबांना विचारलं, नकाशावर ठिपक्याऐवजी मोठं वर्तुळ दिसलं तर चालेल का. ते म्हणाले, “मग नक्की कुठाय ते कळणार कसं?”