वरचे पाणी

पूर्वी आमच्या वऱ्हाडात कुणी काशीयात्रा करून आले की मावंदे घालीत. हल्ली म्युनिकहून कुणी आले की फोटो दाखवतात. पुण्य दोहोंत सारखेच. फरक इतकाच की मावंद्याला पोटभर जेवण मिळे, फोटोंना चहा-चिवड्यावर भागवावे लागते.

जठारपेठेत आमच्या समोर राहणाऱ्या काकू गेल्या वर्षी मुलाकडे तीन महिने राहून आल्या. परत आल्यावर एका रविवारी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावले. भिंतीवरच्या भल्या मोठ्या टेलिव्हिजनवर एकामागून एक चित्रे सरकू लागली. निम्म्याहून अधिक चित्रे एकाच गावाची होती. गावाचे नाव फ्युसेन. बव्हेरियाच्या दक्षिण टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला खेटून असलेले हे गाव. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या मूर्तिजापूरहून लहानच. मागे आल्प्सची रांग, पुढे तळी, आणि जवळच्या कड्यावर तो पांढराशुभ्र नॉयश्वानश्टाइन किल्ला. लुडविग दुसरा नावाच्या राजाने तो १८६९ साली बांधायला घेतला, त्यापायी कर्जाचा डोंगर केला, आणि १८८६ साली दुसऱ्या एका तळ्यात त्याचे प्रेत सापडले. किल्ला त्याच वर्षी तिकीट लावून लोकांना खुला झाला. कर्ज एकाने काढावे आणि तिकिटे दुसऱ्याने विकावीत, हा जगाचा जुनाच रिवाज आहे. त्या किल्ल्याच्या तटावरून कधी तोफेचा गोळा सुटला नाही. बांधला तेव्हाच तो हौसेचा होता.

"सर, पाणी पाहा पाणी!" काकू म्हणाल्या. "असं तळं आपल्या नशिबी नाही हो."

पडद्यावर निळेभोर विस्तीर्ण तळे होते. नाव फॉर्गनझे. काकूंच्या सांगण्यात एक गोष्ट मला फार आवडली, ती अशी की हे तळे देवाने केलेले नाही. लेख नावाच्या नदीवर धरण बांधून १९५४ साली ते भरले. वीज करायची आणि पूर अडवायचा, यासाठी. फॉर्गन नावाची वस्ती त्यात बुडाली. तळ्याला नाव तेवढे तिचे राहिले. हिवाळ्यात पाणी सोडून देतात आणि उन्हाळा लागला की पुन्हा भरून घेतात. "मुलगा म्हणाला, आई, तू जूनच्या आत आली असतीस तर इथं तुला नुसता चिखल दिसला असता!"

चिखल हा शब्द ऐकला आणि मला चिखलदरा आठवला. मास्तरकीचा हा दोष म्हणा की गुण, शब्दावरून शब्द आठवतो. घरी आल्यावर मी नकाशा काढला. फ्युसेनची उंची सुमारे आठशे मीटर. आमचा चिखलदरा सुमारे अकराशे. म्हणजे उंचीत आम्ही त्यांना तीनशे मीटरांनी मागे टाकले. ही शुभवार्ता मी सौभाग्यवतींना सांगितली. त्या कणीक मळत होत्या. "अहो, मग चला ना," त्या म्हणाल्या. "नुसत्या नकाशात काय बघता?"

चिखलदऱ्याला लोक पावसाळ्यात जातात. धुके, धबधबे, भाजलेले कणीस, असा सगळा थाट तेव्हाच असतो. पण प्राध्यापकाला सुटी मिळते मेमध्ये, आणि मेमध्ये अकोल्यात राहणे म्हणजे काय, ते अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. तेव्हा आम्ही मेमध्येच निघालो. बरोबर माझा एक विद्यार्थी घेतला. मुलगा कोरकू, बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाचा. वाटाड्या म्हणून त्याला घेतले खरे, पण चिखलदऱ्याचे पॉइंट त्यानेही कधी पाहिलेले नव्हते. "सर, आम्ही डोंगरात राहत होतो," तो म्हणाला. "डोंगर पाहायला कशाला जाणार?"

अकोल्याहून अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता आहे. प्रवासाचे वर्णन करीत नाही. डांबर आणि ऊन. पण हा रस्ता म्हणजे वऱ्हाडच्या इतिहासाचे एक फाटलेले पान आहे. अकोटच्या पश्चिमेला अडगाव. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला. १७ तारखेला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. ३० तारखेला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनीही तह केला. पुरता सव्वा महिनाही लागला नाही. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक होऊन १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. नेपोलियनचे नाव आमच्या मुलांना पाठ असते. बेनीसिंगाचे मी वर्गात विचारले तर बाके एकमेकांकडे पाहतात.

आणखी एक गंमत. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबाने चिखलदऱ्याचा 'शोध' लावला, असे पर्यटनाच्या सगळ्या पुस्तिका सांगतात. गाविलगडाचा किल्ला अहमदशहा बहामनीने बांधला १४२५ साली. त्याआधीपासून तिथे गवळी गुरे चारीत होते. गडाला नावच त्यांचे. इंग्रजांची स्वतःची पलटण वीस वर्षे आधी तिथे तोफा ओढीत चढून गेली होती. इतक्या वर्दळीच्या जागेचा शोध लावायला विशेष बुद्धी लागत असली पाहिजे!

नावाचेही तसेच. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, ही व्युत्पत्ती गावात कुणीही सांगतो. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आणि विराटाची नगरी ती वैराट, हे सगळे पुरावे तयार आहेत. व्युत्पत्ती गोड आहे. पण चिखल आणि दरा हे दोन धडधडीत मराठी शब्द समोर उभे असताना कीचकाला एवढ्या लांबून ओढून आणायचे मला तरी कारण दिसत नाही. विद्यार्थ्याला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, "सर, पण चिखल तरी कुठे आहे?"

खरेच नव्हता. घाट चढताना दोन्ही बाजूंना सागाचे रान निष्पर्ण उभे होते. "हा काय हिरवा डोंगर?" सौ. म्हणाल्या. "सगळे खराटे उलटे करून ठेवलेत." विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, उन्हाळ्यात झाडं पानं टाकतात. पाणी वाचवतात." मग त्याने आम्हाला एक शब्द दिला. सेमाडोहाजवळून वाहते ती सिपना नदी. सिपना म्हणजे कोरकूत साग. इतकी वर्षे मी हे नाव ऐकत होतो आणि 'स्वप्ना'चे काहीतरी असेल असे धरून चालणारे विद्वानही मला भेटले आहेत! कोरकू ही आपल्या मराठीची कुणीच लागत नाही. ती मुंडा कुळातली. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी थेट झारखंडाकडे राहतात, आणि ही सर्वांत पश्चिमेची बहीण सातपुड्यात एकटी नांदते. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसे. पाण्याला म्हणतात डा. एवढा लहान शब्द आहे, तहान लागलेल्याला उच्चारायला सोपा.

चिखलदऱ्यात सगळे पॉइंट पाहिले. देवी पॉइंट पाहिला, पंचबोलला आरोळी मारून पाहिली, गडावर तासभर हिंडलो. गड मोठा देखणा आहे आणि मोठा एकटा आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या एकाच बैठकीत दोन यादी-प्रवेश झाले: आपले बारा मराठा किल्ले आणि त्या हौशी लुडविगचे वाडे. गाविलगड त्या बारांत नाही. बसू दे बापडा. त्याच्या तटावर वानरे तरी निवांत बसतात. गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्ये दरीवर काचेचा पूल करण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. पायाखाली दरी दिसावी म्हणून काच. माणसाला वरून खाली पाहण्याची फार हौस.

पण माझे लक्ष तळ्यांवर होते. शक्कर तलावात नावा चालतात. काला पानी तलावाचे पाणी गावाला प्यायला. काठाने फिरताना पाणी बरेच खाली गेलेले दिसले आणि भोवती तडकलेल्या चिखलाचा रुंद पट्टा होता. विद्यार्थी खाली वाकला, चिखलाचा एक पापुद्रा उचलून मला दाखवीत म्हणाला, "सापडला, सर."

हॉटेलात न्हाणीघराच्या दारावर सूचना होती: पाणी जपून वापरावे. सकाळी सहाला टँकर आला आणि हॉटेलची टाकी भरून गेला. आम्ही चहा पीत गॅलरीत उभे होतो, तेवढ्यात तसाच दुसरा टँकर रस्त्याने पुढे गेला.

"हा कुठे?" सौ.नी विचारले.

"गावांना, मॅडम. तिकडे नेऊन विहिरीत ओततात."

"विहिरीत? आणि मग?"

"मग बाया विहिरीतून शेंदतात."

"अरे, पण सरळ गुंडात का नाही भरून देत?"

"नळीपाशी भांडणं होतात ना. विहिरीत ओतलं की ज्याच्या दोराला जेवढं लागेल तेवढं त्याचं."

सौ. काही बोलल्या नाहीत. चहा निवत होता.

या डोंगरावर पाऊस थोडाथोडका पडत नाही, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. मग उन्हाळ्यात टँकर का? उत्तर जमिनीत आहे. वर मातीचा पातळ थर, खाली काळा कातळ, आणि उतार इतका की पडलेला थेंब उभा राहत नाही. काही पाणी सिपनेने तापीला जाते. उरलेले आमच्या बाजूला उतरते. चंद्रभागा, सापन, शहानूर, वान, या साऱ्या मेळघाटातून येणाऱ्या नद्या. त्यांच्यावर धरणे बांधली ती डोंगराच्या पायथ्याशी. तिथेच बांधता येतात, त्यात इंजिनिअरांचा अपराध नाही. पण पायथ्याचे धरण पायथ्याखालच्यांचीच तहान भागवते. आणि आमची तहानही काही खोटी नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहीर खणावी तर मचूळ पाणी, जनावराने तोंड लावून मान फिरवावी असे. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या चौऱ्याऐंशी खेड्यांची पाणीयोजना वानच्या हनुमानसागर धरणावर चालते, दर्यापूर-अंजनगावकडची खेडी शहानूरच्या पाण्यावर. हे पाणी नसते तर त्या गावांत पिण्याला काय होते, हे पन्नाशीच्या पुढच्या कुणाही बाईला विचारावे. म्हणून पाणी वर ठेवा, असे मी म्हणणार नाही. मात्र काही थोडे वर अडवता येते. लहान बांध, पाझर तलाव, उतारावरचे चर, हे काम जिथे नेटाने झाले तिथे विहिरी उशिरापर्यंत टिकतात. काचेच्या पुलाइतके ते फोटोत चांगले दिसत नाही, ही अडचण आहे. पूल झाला की माणसे वाढतील, माणसे वाढली की न्हाणीघरे वाढतील. पाचेक हजार वस्तीच्या गावात तो सकाळचा टँकर मग किती फेऱ्या करील, आणि आधी कुणाकडे वळेल, हा हिशेब पुलाच्या नकाशाबरोबरच मांडायला हवा.

परतताना विद्यार्थ्याने आग्रह केला म्हणून त्याच्या घरी थांबलो. १९७३-७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून आतली काही गावे उठवून खाली अकोट तालुक्यात वसवली. त्याचे त्यांतलेच एक. एका रेषेत घरे, विजेचे खांब, दारात नळाची तोटी. ओट्यावर त्याची आजी बसली होती. तिला मराठी समजते, पण बोलते कोरकूच. आम्ही चिखलदऱ्याहून आलो म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न केला, तळ्यात पाणी किती आहे? नातवाने हात खाली करून दाखवले. ती बराच वेळ तो हात पाहत राहिली.

मग तिने आम्हाला लोट्यातून पाणी दिले. थंड आणि गोड. सौ.नी विचारले, "आजी, वरच्यापेक्षा इथं बरं आहे ना? दारात नळ आहे."

आजी नातवाशी काही बोलली. तो जरा संकोचला. "म्हणते, हे वरचंच पाणी आहे. आमच्या गावाजवळचा नाला वानला मिळायचा. आम्ही आलो, मागून तेही आलं." मग तिने आणखी काही विचारले आणि या खेपेला तो हसला. "मॅडम, ती विचारते, तुमच्या अकोल्यात नळ कितव्या दिवशी येतो?"

"चौथ्या," सौ. म्हणाल्या. "कधी पाचव्या."

आजीने मान हलवली, उठली, आत गेली आणि आमच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घेऊन आली.