रेडा वर आणलास?

ग्वाल्हेरला हजिऱ्यात माझी आत्या राहते. नवरात्रात तिच्याबरोबर कंपूच्या टेकडीवर 'मांढरे की माता'च्या दर्शनाला गेलो. जयाजीराव शिंद्यांच्या काळातली ही महिषासुरमर्दिनी, म्हणजे आपल्या म्हैसूरची चामुंडीच. दहा रुपयांवरून रिक्षावाल्याशी भांडून मी तणतणत पायऱ्या चढत होतो. आत्या म्हणाली, "अरे, रेडा वर घेऊन आलास होय?"

कन्नडमध्ये रेड्याला 'कोण' म्हणतात. मराठीत तोच प्रश्न होतो!

सप्तशतीच्या पाचव्या अध्यायात देवीच्या रूपांत तृष्णा आहे, भ्रांतीही आहे. आणि तृष्णेला लागूनच क्षांती, म्हणजे क्षमा. इतक्या वर्षांच्या पाठात हे ध्यानात आलं नव्हतं. मग राग तरी तिच्यापासून कशाला लपवायचा?

खाली आलो. रिक्षावाला तिथंच होता. दहा रुपये दिले. त्यानं मोजलेही नाहीत.