करंडक एकच असावा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात १९११पासून मुलांच्या शालेय बास्केटबॉलचा राज्यविजेता एकच असे. शहरातली हजारो मुलांची शाळा आणि मक्याच्या शेतांमधली दीडशे मुलांची शाळा एकाच ड्रॉमध्ये उतरत आणि मानांकन कोणालाच नसे. १९९७-९८च्या मोसमापासून राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने पटसंख्येनुसार चार गट पाडले आणि चार करंडक ठेवले. हा निर्णय चुकीचा होता. तो फिरवायला हवा.

या स्पर्धेने काय घडवले, ते १९५४च्या अंतिम सामन्यात दिसते. मायलन या हजारभर वस्तीच्या गावातील शाळेचा पट होता १६१. समोर मन्सी सेंट्रल, तोवर चार वेळा राज्य जिंकलेली. इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये शेवटच्या सत्रात मायलन २६-२८ असे मागे होते. तरीही प्रशिक्षक मार्विन वुड यांच्या सांगण्यावरून बॉबी प्लम्पने चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला. ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता. मागे पडलेला संघ घड्याळ पळू देतो, याला वेडेपणाच म्हणतील. पण उंचापुऱ्या मन्सीशी धावाधाव करून आपण टिकणार नाही, हे वुड जाणून होते. पुढे बरोबरी झाली, आणि ३०-३० असताना अखेरच्या क्षणी प्लम्पने उजवीकडे सरकत सुमारे पंधरा फुटांवरून चेंडू टाकला. मायलन ३२-३० असे जिंकले.

त्या वर्षी मायलनने वाटेत क्रिस्पस अ‍ॅटक्स या शाळेलाही हरवले होते. या शाळेची कहाणी आम्हाला मायलनहून मोठी वाटते. इंडियानापोलिसने कृष्णवर्णीय मुलांना वेगळे काढण्यासाठी १९२७मध्ये ही शाळा उघडली. राज्य स्पर्धेचे दार तिला १९४२पर्यंत बंद होते. शहरातल्या इतर शाळा तिच्याशी खेळायला तयार नसत, म्हणून संघ खेड्यापाड्यांत जाऊन सामने खेळे. वाटेत जेवायला वाढणारे हॉटेलही सहज मिळत नसे. त्याच शाळेने १९५५मध्ये रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली आणि ऑस्कर रॉबर्टसनच्या खेळावर राज्य जिंकले. पुढच्या वर्षी तर एकही सामना न गमावता. १९५५च्या विजयानंतर मुलांची मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती चौकाला वळसा घालून कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बागेकडे वळवण्यात आली. रॉबर्टसन ते शल्य विसरले नाहीत. शहराने मन मोठे केले नाही, पण राज्यात पहिले कोण, याचे उत्तर त्याला बदलता आले नाही. करंडक एकच होता आणि तो अ‍ॅटक्सकडे होता.

गट पाडणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मायलननंतर तेवढ्या छोट्या शाळेला राज्य जिंकता आले नाही. ग्रामीण शाळांच्या विलीनीकरणाने शाळांची संख्या निम्म्यावर आली, उरलेल्या मोठ्या शाळा आणखी बलाढ्य झाल्या. दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी परतणाऱ्या मुलांना काहीतरी मिळावे, ही तळमळ खरी आहे. परंतु त्यांना जे मिळाले ते आपल्याएवढ्यांतले पहिलेपण. आणि ज्या सामन्यात हरण्याचीच खात्री होती, पण जिंकलो तर अख्खे राज्य ओळखेल अशी आशाही होती, तो सामनाच गेला. १९९०च्या अंतिम सामन्याला ४१ हजारांवर प्रेक्षक होते. ते काही फक्त दोन गावांचे नव्हते. गट झाल्यावर चारही विजेत्यांना आपसांत लढवून पाहिले, तो प्रयोग दोन मोसमांत गुंडाळावा लागला. स्पर्धा संपल्यावर जोडलेले शेपूट कोणाला आपले वाटणार?

आपल्याकडे मात्र ही वाट अजून मोकळी आहे. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत गट वयाचे असतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पटसंख्येचे नसतात. तालुक्यातून जिल्ह्यात, तिथून विभागात आणि राज्यात जाताना आश्रमशाळेला शहरातील नामांकित शाळेची गाठ घ्यावीच लागते. ही वाट तशीच राहू द्यावी. छोट्या शाळेला वेगळ्या करंडकाहून धड मैदान आणि क्रीडाशिक्षक यांची निकड जास्त आहे.

२०१७मध्ये अ‍ॅटक्सने पुन्हा राज्य विजेतेपद मिळवले, पण ते ‘३ए’ गटाचे. त्याच वर्षीचा ‘४ए’ विजेता बेन डेव्हिस हाही इंडियानापोलिसचाच. राज्य स्पर्धेत या दोघांची गाठ पडण्याची सोयच नव्हती. ज्या शाळेला एकेकाळी रंगावरून बाहेर ठेवले, तिच्या मुलांना आता पटावरून अडवले जाते. दोन्ही अन्याय एका तोलाचे नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही त्या मुलांना राज्यातल्या कोणाशीही भिडण्याचा हक्क होता. इंडियानाच्या संघटनेने तो सर्व शाळांना परत द्यावा.