दोन गंधारांच्या मध्ये

निवृत्तीनंतर माणसाने भजनी मंडळात जावे, असा आमच्या जालन्यात अलिखित नियम आहे. मी मेंडोलिन घेतले. ३२ वर्षे बँकेत नोटा मोजलेल्या बोटांना आता तारांचे घट्टे पडले आहेत. शेजाऱ्यांनी विचारले, “लग्नाच्या बँडात जाता की काय?”

वाद्य आपल्याला परके नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मेंडोलिनवादकच. संगीतकार सज्जाद हुसेन तर त्यावर राग वाजवीत. तार छेडताच सूर विरणारे हे पडद्यांचे वाद्य, आणि त्यावर मींड! मला मात्र वेड लागले ते केंटकीच्या बिल मन्रो (१९११-९६) यांच्या ब्लूग्रासचे, त्यातही ब्लूजच्या अंगाने जाणाऱ्या तुकड्यांचे. मन्रो तरुणपणी अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवीत. ब्लूज त्यांच्या हातात तिथून आला.

यातली गंमत गंधारात आहे. मोकळी तार षड्ज धरा. तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार, चौथ्यावर शुद्ध. ब्लूजला हवा असतो तो या दोहोंच्या मधला, आणि तिथे पडदाच नाही! जोडतारा ओढणे कठीण, म्हणून तिसऱ्यावरून चौथ्यावर घसरायचे. आपल्या जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण तिथे शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. इथे दोघे एका श्वासात.

मोबाइलवर हल्ली पडद्यांचे आकडे लिहून मिळतात. सहा महिने मी तेच पाठ केले. आकड्यांतच तर आयुष्य गेले. एके दिवशी नात म्हणाली, “आजोबा, हे गाणं म्हणून दाखवा ना.” मला गुणगुणताही येईना. खरे सांगतो, लाज वाटली. आकडे बंद केले. जे गळ्यातून निघत नाही ते बोटांनी वाजवू नये, असे माझे आता ठाम मत आहे. गळा माझ्यासारखा बेसूर असला तरी.

“पण परक्यांचे संगीत कशाला?” असेही विचारले जाते. भजनात बसतो त्या पेटीचे मूळ युरोपातले आहे, हे मी सांगतो, आणि वाद तिथेच थांबतो. असो.

सध्या एका लहानशा तुकड्यावर तिसरा महिना चालू आहे. लय मूळच्या निम्मी. शेजाऱ्यांनी खिडकी अजून लावलेली नाही.