हेलिकॉप्टर येतं, पण वादळात नाही

आपल्या वर्धा जिल्ह्यात हेलिकॉप्टर दिसतं ते निवडणुकीच्या दिवसांत. मैदानावर चुन्याने गोल आखतात, आत इंग्रजी ‘एच’ काढतात, धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात. समुद्र तर इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. मग या पानावर समुद्रातल्या हेलिकॉप्टरचं काय काम, असं म्हणाल. काम आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर आत ‘मुंबई हाय’ आहे. तिथला वायू उरणला आणून त्यातून सिलिंडरचा गॅस काढतात. आणि आयटीआय झालेली आपली पोरं वेल्डर, फिटर म्हणून कंत्राटदारामार्फत तिकडे कामाला जातात.

आमच्या गल्लीतल्या एकीचा मुलगा असाच गेलाय. ती मला म्हणाली, “काही झालं तं हेलिकॉप्टर येते ना वं ताई!” तिचा हा भरवसा मला मात्र अस्वस्थ करून गेला.

समुद्रात लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या मजल्यांना प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायची जागा, तिला हेलिडेक म्हणतात. चाकं घसरू नयेत म्हणून अनेक ठिकाणी त्यावर दोरखंडाची जाळी ताणलेली असते. प्लॅटफॉर्म निदान जागचा हलत नाही. जहाजावर उतरायचं तर खालची जमीनच वर-खाली होत असते! जोराचा वारा, मुसळधार पाऊस, दाट ढग असले की वैमानिक निघतच नाही, आणि ते बरोबरच आहे.

२७ जुलै २००५ चं उदाहरण घ्या. आदल्याच दिवशी मुंबई पाण्यात बुडाली होती. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची दोन बोटं टोकाशी कापली गेली. विळीवर आपलं कापतं तसंच, जरा जास्त. पावसामुळे हेलिकॉप्टरं बंद होती. म्हणून जखमीला क्रेनने प्लॅटफॉर्मवर उचलून द्यायला जहाज अगदी जवळ नेलं. ते वायूच्या पाइपवर आदळलं, आग लागली आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ जण वाचले, २२ गेले. उपचारासाठी माणूस हलवायची दुसरी सोय हाताशी नव्हती, ही खरी गोम.

मग आलं १७ मे २०२१ चं तौक्ते वादळ. ओएनजीसीच्या कामासाठी लावलेल्या ‘पी-३०५’ या राहण्याच्या बार्जवर २६१ माणसं होती. बार्ज म्हणजे सपाट तळाची बोट. नांगर तुटले, बार्ज भरकटली आणि संध्याकाळी बुडाली. रात्रभर काळोखात लोकांना पाण्यातून ओढून काढलं ते नौदलाच्या जहाजांनी. १८६ वाचले. हेलिकॉप्टरं दुसऱ्या दिवशी कामाला आली. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ या दुसऱ्या बार्जवरच्या १३७ जणांना सोडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण पी-३०५ वरच्या सत्तरहून जास्त लोकांना तोवर उशीर झाला होता. वादळाची सूचना हवामान खात्याने काही दिवस आधीच दिलेली होती. बार्ज किनाऱ्याला आणायचा निर्णय तेव्हाच घ्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. काम थांबलं तर पैसा बुडतो, हे मला कळतं. पण पैसा कुणाचा आणि जीव कुणाचा?

बरं, हेलिकॉप्टरचा प्रवासही धोक्याचाच. ११ ऑगस्ट २००३ च्या अपघातात २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ ला पवनहंसच्या हेलिकॉप्टरमधले सातही जण गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावं लागलं. पाण्यावर तरंगवणारे फुगे असूनही नऊपैकी चौघे दगावले. हेलिकॉप्टरचं इंजिन वर असतं, त्यामुळे पाण्यात ते पटकन उलटतं. उलट्या हेलिकॉप्टरमधून पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर कसं पडायचं, हे म्हणूनच तलावात शिकवतात.

या क्षेत्रात आता मुलीही आल्या आहेत, हेही सांगते. २०२० मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंह यांची युद्धनौकांवरच्या हेलिकॉप्टरसाठी निवड झाली, तर २०२४ मध्ये अनामिका राजीव नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या. आपली एखादी पोर उद्या तिथे असेलही.

पण आज ज्यांच्या घरून कुणी मुंबई हायला जातंय, त्यांनी निघायच्या आधी एवढं विचारून घ्या. बार्जचं नाव काय? मूळ कंपनी कोणती? किनाऱ्यावरच्या ऑफिसचा फोन नंबर कोणता? पाण्यातून सुटकेचं प्रशिक्षण दिलं का? पीएफच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे? आणि वादळाची बातमी आली की मुलाला फोन करून “हेलिकॉप्टर आहे का?” असं नका विचारू. “तुमची बार्ज किनाऱ्याकडे निघाली का?” असं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर लगेच त्या ऑफिसला फोन लावा. दहा घरांतून दहा बायांनी लावला तर आणखी बरं.