घामाचे दाम आणि नावाचे दाम



जरीपटक्याच्या बाजारात किराणा घ्यायला गेले, की ज्वारीच्या पिठाच्या दोन पिशव्या समोर येतात. एक जाहिरातवाल्या कंपनीची, दुसरी दुकानाने स्वतःचे नाव छापलेली, स्वस्त. कोणती घ्यावी? आम्ही म्हणतो, दुकानाची घ्या, पण उलटी करून वाचून घ्या. कोणी भरली, केव्हा भरली, वजन किती, हे कायद्याने छापावेच लागते. पुष्कळदा दुकान स्वतः दळतच नाही, दुसऱ्याच्या गिरणीतून भरून घेते. दोन्हींत ज्वारी आपलीच. पिशवीवर नाव मोठे म्हणून अडत्याने क्विंटलमागे रुपया जास्त दिला, असे आम्ही तरी ऐकले नाही.

नावावर सरकारचाही डोळा. 2017 साली जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत नावाच्या पाकीटबंद पिठावर 5 टक्के कर होता, बिननावाचे सुटले होते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या सगळ्याच छापील पिशव्यांवर तो बसला. सुटी ज्वारी मोकळी राहिली. घरात ज्वारी असून पिशवी आणणाऱ्याला काय म्हणावे! चक्की आहे ना गावात?

शरद जोशींनी 1991 साली शेगावच्या मेळाव्यात माजघर शेती सांगितली. घरीच निवडा, दळा, भरा, मग विका. टाळ्या आपण भरपूर वाजवल्या. पोते मात्र अजून बिननावाचेच जाते.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात चक्की, काटा आणि पिशवी बंद करायचे यंत्र कोणाकडे आहे, ते लिहून आणा.